फोटो कुणाचा, अटी कुणाच्या?

नोव्हेंबर २०२४ मध्ये लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात दोघी जणी दुपारच्या चहाला भेटल्या. एक तुर्कस्तानची रुमेसा गेलगी, उंची २१५.१६ सेंटिमीटर. दुसरी आपल्या नागपूरची ज्योती आमगे, उंची ६२.८ सेंटिमीटर, म्हणजे दोन फुटांवर जेमतेम पाऊण इंच. हयात स्त्रियांमधली जगातली सर्वांत उंच आणि सर्वांत ठेंगणी. भेट घडवून आणली होती गिनेस वर्ल्ड रेकॉर्ड्सने, त्यांच्या वार्षिक ‘विक्रम दिना’च्या निमित्ताने. चहा, गप्पा आणि अर्थातच कॅमेरे. दागिने, नखं, मेकअप या विषयांवर दोघींचं चांगलं जमलं, आणि फोटो बघता बघता जगभर फिरले.

अशा फोटोवर आपल्याकडे दोन सुरांत बोललं जातं. एक अभिमानाचा: बघा, आमची पोरगी लंडनला पोचली. दुसरा नाक मुरडणारा: जत्रेतला तंबूच हा, फक्त इंग्रजी बोलणारा. मला दोन्ही सूर अर्धवट वाटतात. अभिमान वाटणारा माणूस ज्योतीला दौऱ्याचा हिशेब विचारत नाही. नाक मुरडणाराही तिला काही विचारत नाहीच, तो परस्पर तिच्या वतीने अपमानित होऊन मोकळा होतो. बघावं की बघू नये, यावर काथ्याकूट करण्यात मला रस नाही, कारण लोक बघणारच आहेत. भांडायचंच असेल तर अटींवर भांडावं. दौऱ्याच्या अटी कुणी लिहिल्या, विक्रमवीराला त्यात नाही म्हणायची सोय किती, आणि त्याची प्रकृती बिघडली तर दौरा तिथल्या तिथे थांबवायचा अधिकार कुणाच्या हातात आहे, हे विचारावं.

आधी हा धंदा चालतो कसा ते पाहू. १९५१ साली आयर्लंडमध्ये शिकारीला गेलेल्या ह्यू बीव्हर यांचा वाद झाला की ज्यांची शिकार करतात अशा पक्ष्यांत युरोपातला सगळ्यात वेगवान कोणता. बीव्हर गिनेस या बिअर कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक. दारूच्या गुत्त्यांत असे वाद रोजच होत असणार, तेव्हा ते मिटवणारं एखादं पुस्तक गुत्त्यांमध्ये ठेवलं तर बिअरचीही जाहिरात होईल, असा हिशेब त्यांनी बांधला. नॉरिस आणि रॉस मॅक्व्हर्टर या जुळ्या भावांना हाताशी धरून १९५५ मध्ये पुस्तक निघालं. आज त्या पुस्तकाचा बिअरशी संबंध उरलेला नाही. २००८ पासून ते कॅनडातल्या जिम पॅटिसन उद्योगसमूहाच्या मालकीचं आहे. पण मूळ गुण कायम आहे. पहिल्या दिवसापासून ते प्रसिद्धीचं साधन होतं आणि आजही आहे. विक्रम केल्याबद्दल आम्ही पैसे देत नाही, असं गिनेसवाले स्वतःच सांगतात. त्यांच्याकडून मिळतं ते प्रमाणपत्र, म्हणजे नाव. त्या नावातून पुढे पैसा उभा करायचा तो ज्याचा त्याने.

पुस्तकाची नवी आवृत्ती येते सप्टेंबरच्या आसपास, नाताळच्या भेटींचा बाजार डोळ्यांसमोर ठेवून. ‘विक्रम दिन’ असतो नोव्हेंबरात, त्याच बाजाराच्या तोंडावर. हे कॅलेंडर लक्षात घेतलं की दौऱ्यांच्या तारखा आपोआप उलगडतात. सप्टेंबर २००८: चीनच्या इनर मंगोलियातला, ७४.६ सेंटिमीटर उंचीचा पिंगपिंग लंडनच्या ट्रफाल्गर चौकात. सप्टेंबर २००९: जगातला सर्वांत उंच पुरुष ठरलेला तुर्कस्तानातला शेतकरी सुलतान कोसेन लंडनमध्ये, मागे टॉवर ब्रिज. नोव्हेंबर २०१४: नेपाळचे चंद्रबहादूर दांगी आणि तोच सुलतान थेम्सच्या काठी, पार्लमेंटची इमारत मागे ठेवून. नोव्हेंबर २०२४: सॅव्हॉय.

आणि शहर का लागतं? मोजमाप नागपुरातही होतंच. ज्योतीचं झालंच होतं, १६ डिसेंबर २०११ ला, तिच्या अठराव्या वाढदिवशी. अठरा पूर्ण झाल्याशिवाय प्रौढ गटात नाव लागत नाही, म्हणून तो दिवस. पण सुलतानचे ‘२५१’ आणि दांगींचे ‘५४.६’ हे सेंटिमीटरचे आकडे वाचून डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही. त्यासाठी शेजारी अशी काहीतरी वस्तू लागते जी सगळ्या जगाने पोस्टकार्डावर पाहिलेली आहे. जुनं, नावाजलेलं शहर ही त्या फोटोतली फूटपट्टी असते. शहरालाही त्यात तोटा काही नाही, फुकटात झळकायला मिळतं. जानेवारी २०१८ मध्ये तर इजिप्तच्या पर्यटन मंडळानेच सुलतान आणि ज्योती यांना बोलावून पिरॅमिडपुढे उभं केलं. २०११ ची उलथापालथ आणि २०१५ मध्ये सिनाईवर पडलेलं रशियन विमान, यांनी तिथलं पर्यटन पार झोपवलं होतं. ते उठवायला सरकारला हे दोघं सापडले. नेपाळनेही आपल्या २०११ च्या पर्यटन वर्षासाठी खगेंद्र थापा मगर या ठेंगण्या तरुणाचा चेहरा वापरला होता. म्हणजे या खेळात प्रकाशक एकटा नाही, सरकारंही आहेत. जबाबदारीच्या वाटणीत त्यांची पानं वाढायला विसरू नये.

ट्रफाल्गर चौकातला तो फोटो अजून इंटरनेटवर सापडतो. रशियाची स्वेतलाना पँक्रातोवा, जगातल्या सर्वांत लांब पायांची स्त्री, पाय १३२ सेंटिमीटर, उंच टाचांचे बूट घालून उभी. आणि तिच्या दोन पायांच्या मधोमध, कमानीखाली उभं राहावं तसा पिंगपिंग. वीस वर्षांचा प्रौढ पुरुष, पण फोटोची रचना अशी की तो खेळण्यातला वाटावा. आता हे त्याला रुचलं की नाही? चित्रफितींमध्ये तो मिश्किल दिसतो, सिगारेट ओढतो, छायाचित्रकारांची फिरकी घेतो. त्याला कॅमेरा आवडत असावा असंच वाटतं. तरीही फोटोची ती कल्पना त्याची नसणार, यावर मी पैज लावायला तयार आहे. कोणता पुरुष आपण होऊन म्हणेल, मी तिच्या पायांमधून डोकावतो?

जानेवारी २०१० मध्ये पिंगपिंग इस्तंबूलला गेला, सुलतानबरोबर फोटो काढायला. पुढे रोमला गेला, विक्रमवीरांच्या एका इटालियन टीव्ही कार्यक्रमाच्या चित्रीकरणासाठी. तिथे त्याच्या छातीत दुखू लागलं. रुग्णालयात नेलं आणि १३ मार्च २०१० ला तो गेला. वय एकवीस. त्याला हाडं ठिसूळ करणारा जन्मजात विकार होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. हा मृत्यू अमक्याच्या निष्काळजीपणाने झाला असं मी म्हणत नाही. तो घरी असता तर जगला असता, असंही म्हणत नाही. पण दोन महिन्यांच्या आत इस्तंबूल आणि रोम, स्टुडिओतले दिवे, विमानतळांवरचे ताटकळते तास, हे सगळं अशा शरीराला झेपेल का, असा प्रश्न त्या दौऱ्यात कुणाच्या तरी कामाचा भाग असायला हवा होता. निर्मात्याच्या नोकरीत नसलेल्या डॉक्टरच्या कामाचा.

चंद्रबहादूर दांगींची गोष्ट वेगळ्या वळणाची. नेपाळच्या सल्यान जिल्ह्यातल्या रिमखोली गावात ते विणकाम करत. ओझं डोक्यावर पेलायचे पट्टे विणत. त्यांना जगाने शोधलं तेव्हा त्यांचं वय बहात्तर. फेब्रुवारी २०१२ मध्ये काठमांडूत मोजमाप झालं, ५४.६ सेंटिमीटर. आजवर नोंद झालेला सर्वांत ठेंगणा प्रौढ माणूस. त्यानंतर उरलेल्या साडेतीन वर्षांत त्यांनी जितकं जग पाहिलं तितकं आधीच्या बहात्तर वर्षांत स्वप्नातही पाहिलं नसेल. सप्टेंबर २०१५ मध्ये प्रशांत महासागरातल्या अमेरिकन सामोआ बेटावरच्या रुग्णालयात त्यांचं निधन झालं. एका सर्कशीबरोबर ते तिथे गेले होते. पंचाहत्तरीचा, अडीच वितींचा म्हातारा, आपल्या डोंगरापासून हजारो मैलांवर. हे वाचून हळहळ वाटते. पण त्यांना आपलं जग पाहायचं होतं, तर त्यांना गावातच ठेवायला हवं होतं असं म्हणणारे आपण कोण? आपल्याकडचे म्हातारे सत्तरीत चारधामला निघतात तेव्हा आपण त्यांची बॅग भरून देतो, फक्त गोळ्यांची डबी आणि बरोबर कोण आहे एवढं विचारतो. तेवढंच इथेही विचारावं.

सुलतान कोसेनचं उदाहरण तर टीकाकारांची पंचाईत करणारं. त्याची उंची मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीजवळच्या गाठीमुळे वाढत राहिली. मार्डिनजवळ शेतावर राबणारा हा माणूस २००९ मध्ये विक्रमवीर झाला, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात त्याच्यावर गामा नाइफने, म्हणजे नेमक्या जागी किरणांचा मारा करून, उपचार झाले. २०१२ मध्ये डॉक्टरांनी सांगितलं की वाढ थांबली. २५१ सेंटिमीटरवर. प्रसिद्धी मिळाली नसती तर त्याच्यापर्यंत ते उपचार पोचले असते का, याची मला दाट शंका आहे. लग्न झालं, जग फिरला, गाडी, घर. चालतो मात्र काठ्यांच्या आधाराने. विक्रमाने त्याला जगवलं असं म्हटलं तर फारसं खोटं ठरणार नाही. म्हणूनच ‘हे सगळं बंद करा’ हा उपाय मला पटत नाही.

आणि बंद केलं तर काय होतं, हे फ्रान्सने करून पाहिलं आहे. तिथे काही नाइट क्लबांमध्ये ठेंगण्या माणसाला, अंगावर संरक्षक पोशाख चढवून, गादीवर लांब फेकण्याचा ‘खेळ’ चाले. पॅरिसजवळच्या मोरसां-सुर-ओर्ज गावाच्या महापौरांनी तो बंद केला. २७ ऑक्टोबर १९९५ ला फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने बंदी उचलून धरली. कारण दिलं मानवी प्रतिष्ठेचं. प्रेक्षक म्हणून मला तो निकाल आवडतो, असला खेळ बघायला मी जाणार नाही. पण फेकला जाणारा माणूस, मान्युएल वाकेनहाइम, कोर्टात उलट्या बाजूला उभा होता! त्याचं म्हणणं असं की हे काम मी राजीखुशीने करतो, माझ्यासारख्याला दुसरं काम मिळत नाही, आणि माझी प्रतिष्ठा माझ्या नोकरीत आहे. तो संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपर्यंत गेला आणि २००२ मध्ये तिथेही हरला. प्रतिष्ठा वाचली, रोजगार गेला. त्याच्या जागी दुसरं काम द्या, असं मात्र कुठल्या न्यायालयाने कुणाला सांगितलं नाही. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच.

मग ‘तिची मर्जी आहे ना, झालं’ एवढ्यावर विषय संपतो का? तोही प्रयोग झालेला आहे, लंडनमध्येच, दोनशे वर्षांपूर्वी. दक्षिण आफ्रिकेतली सारा बार्टमन १८१० मध्ये लंडनच्या पिकॅडिलीत, तिच्या वेगळ्या देहयष्टीपायी, तिकीट लावून दाखवली जात होती. गुलामगिरीविरोधी मंडळींनी कोर्टात धाव घेतली. कोर्टाने तिच्याकडे माणसं पाठवली, तिला कळणाऱ्या डच भाषेत प्रश्न विचारले. तिने सांगितलं की आपण राजीखुशीने आलो आणि मिळकतीत वाटा ठरलेला आहे. करारही पुढे करण्यात आला. खटला निकाली निघाला. पाच वर्षांनी ती पॅरिसमध्ये मेली आणि तिच्या देहाचे अवशेष १९७४ पर्यंत तिथल्या संग्रहालयात मांडून ठेवलेले होते. २००२ मध्ये ते मायदेशी गेले, तेव्हा कुठे तिचं दफन झालं. कोर्टाने तिला विचारलं नाही असं नाही. विचारलं, पण एकदाच. परक्या देशात, मालकाच्या छपराखाली राहणाऱ्या बाईला एकदा विचारायचं आणि तिच्या होकारावर शिक्का मारून फाइल बंद करायची, याला मर्जी म्हणणं जड जातं.

फ्रान्सने एका माणसाचं ऐकलंच नाही, आणि लंडनने एका बाईचं एकदाच ऐकून कान बंद केले. मला हवी असलेली गोष्ट या दोन्हींमध्ये नाही, आणि तिचं सगळ्यात चांगलं उदाहरण सापडतं अमेरिकेत. रॉबर्ट वॅडलो, जन्म १९१८, उंची २७२ सेंटिमीटर, नोंद झालेला आजवरचा सर्वांत उंच माणूस. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात रिंगलिंग बंधूंच्या सर्कशीत तो काही काळ झळकला, पण आपल्या अटींवर. आपण मधल्या रिंगणातच येणार, बाजूच्या ‘अजब माणसांच्या’ तंबूत पाऊल टाकणार नाही. कपडे आपले रोजचे. उंच टोपी आणि लांब शेपटाचा कोट घाला, अजून उंच दिसाल, असं सर्कसवाल्यांनी सुचवलं, ते त्याने धुडकावलं. पुढे एका बूट कंपनीसाठी तो गावोगाव फिरला, वडिलांना बरोबर घेऊन. लोक त्याला पाहायला येत होतेच, अगदी ट्रफाल्गर चौकात आले तसेच. पण कुठे उभं राहायचं आणि काय घालायचं, हे त्याने ठरवलं होतं.

तरीही तो बावीस वर्षांचा असताना गेला, तोही प्रसिद्धीच्या दौऱ्यावरच. जुलै १९४० मध्ये मिशिगनमधल्या मॅनिस्टी गावात उत्सवाला हजेरी लावायला गेला होता. पायाला बांधलेल्या आधाराच्या पट्टीने घोट्याजवळ फोड आला. त्याच्या पायांना संवेदना कमी, त्यामुळे त्याला ते लवकर कळलंच नाही. फोड चिघळला, संसर्ग अंगभर पसरला, आणि अँटिबायोटिक्सचा काळ अजून यायचा होता. घरच्यांनी त्याची कबर काँक्रीटने बंद केली, देह कुणी पळवू नये म्हणून.

ही भीती वाऱ्यावरची नव्हती. आयर्लंडचा चार्ल्स बर्न १७८२ मध्ये लंडनला येऊन असाच गाजला होता. जाहिरातीत उंची आठ फुटांच्या वर, हाडांवरून पुढे मोजली ती साडेसातच्या आसपास. (मोजपट्टीचा प्रामाणिकपणा, ही गिनेसची खरी कामगिरी मी मान्य करतो.) वर्षभरात बाजार बसला, साठवलेला पैसा चोरीला गेला, दारू वाढली आणि १७८३ मध्ये, बाविसाव्या वर्षी तो मेला. आपलं प्रेत शरीरशास्त्रज्ञांच्या हाती लागू नये, समुद्रात बुडवावं, अशी त्याची इच्छा होती. प्रख्यात शल्यविशारद जॉन हंटर यांनी पैसे चारून प्रेत मिळवलं. सांगाडा लंडनच्या हंटेरियन संग्रहालयात दोनशे वर्षांहून जास्त काळ काचेमागे उभा होता. २०२३ मध्ये संग्रहालय नूतनीकरणानंतर उघडलं तेव्हा तो प्रदर्शनातून काढला, संशोधनासाठी मात्र ठेवला. या सांगाड्याच्या दातांतल्या डीएनएवरून त्याच्या उंचीमागचा जनुकीय दोष सापडला आणि उत्तर आयर्लंडमधल्या काही कुटुंबांतही तोच दोष आहे, हे २०११ मध्ये सिद्ध झालं. म्हणजे विज्ञानाचा फायदा झाला. पण त्याने साफ शब्दांत नाही म्हटलं होतं, आणि त्या ‘नाही’ची किंमत शून्य ठरली.

याच लंडनमध्ये १८४४ मध्ये चार्ल्स स्ट्रॅटन आला, अमेरिकन तमाशेवाल्या बार्नमचा ठेंगणा ‘जनरल टॉम थंब’. सहा वर्षांचं पोर, राणी व्हिक्टोरियापुढे बकिंगहॅम राजवाड्यात सादर झालेलं. पोराला मोठा दाखवण्यासाठी बार्नमने त्याचं वय वाढवून सांगितलं होतं. सहा वर्षांच्या मुलाची मर्जी कसली? इथपर्यंत गोष्ट वाईटच. पण पुढे तो श्रीमंत झाला, आणि १८५० च्या दशकात बार्नम दिवाळखोर झाला तेव्हा स्ट्रॅटनने स्वतः होऊन त्याच्याबरोबर युरोपचा दौरा केला आणि त्याला सावरलं. ज्याला दाखवून मालकाने पैसा केला, त्यानेच मालकाला हात दिला. अटी लिहिण्याची ताकद एकदा हातात आली की तोच तमाशा किती वेगळा दिसू लागतो!

आता यावर कुणी म्हणेल, हे सगळं जुनं झालं, आजचे विक्रमवीर शिकलेले आहेत, त्यांच्याकडे वकील आहेत, सोशल मीडिया आहे. खरं आहे, आणि रुमेसा गेलगी त्याचाच पुरावा आहे. तिला वीव्हर सिंड्रोम, म्हणजे शरीराची वाढ झपाट्याने करणारा दुर्मीळ जनुकीय विकार, आहे. ती पेशाने वेब डेव्हलपर आहे. विक्रमाचा वापर ती दुर्मीळ आजारांबद्दल बोलण्यासाठी करते आणि ते उघड सांगते. २०२२ मध्ये ती पहिल्यांदा विमानात बसली, बसली म्हणजे झोपली. इस्तंबूलहून सॅन फ्रान्सिस्को, तेरा तास. टर्किश एअरलाइन्सने सहा आसनं काढून तिथे स्ट्रेचर बसवलं. विमानातली सहा आसनं उचकटता येतात, तर प्रसिद्धी दौऱ्याच्या करारात चार कलमं नक्कीच घालता येतील. स्वतंत्र डॉक्टर आणि त्याच्या हातात दौरा थांबवण्याचा अधिकार. दिवसाला कॅमेऱ्यासमोर किती तास, याची मर्यादा. फोटोची रचना आधी दाखवणं, आणि ‘असं उभं राहणार नाही’ म्हटलं तर मानधनात कापाकापी न करणं. मानधन लेखी, आणि पाहुणा सरकारी खर्चाने आला असेल तर ते जाहीरही.

गिनेसला हे जड जाऊ नये. सलग जागरणाचा विक्रम मोजणं त्यांनी १९९७ मध्येच बंद केलं, प्रकृतीला धोका म्हणून. स्पर्धकाच्या जिवाची काळजी घेण्याची रीत त्यांच्याकडे आहे. पण ती विक्रम करणाऱ्यांसाठी. ज्यांचा विक्रम ‘करावा’ लागत नाही, ज्यांचं शरीरच विक्रम आहे, त्यांच्यासाठी जोखीम मोजपट्टी लावताना नसते, ती मोजपट्टी गुंडाळून ठेवल्यावर सुरू होते. विमानात, हॉटेलात, स्टुडिओत.

आणि घरी काय? ज्योती आमगेला नागपूर विसरलेलं नाही. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत लोकांनी घरात बसावं म्हणून नागपूर पोलिसांनी तिला रस्त्यावर उतरवलं. दर निवडणुकीत तिचा मतदान केल्याचा फोटो येतो, २०२४ मध्येही आला. लोणावळ्याच्या मेणाच्या संग्रहालयात तिचा पुतळा आहे. अमेरिकन टीव्हीवर २०१४ मध्ये ती ‘अमेरिकन हॉरर स्टोरी’त झळकली, तेही त्याच्या ‘फ्रीक शो’ नावाच्या पर्वात, आणि अभिनेत्री व्हायची इच्छा तिची स्वतःची जुनी आहे. तिच्याबद्दल कीव करण्यासारखं मला काही दिसत नाही. कीव येते ती आपल्या हिशेबाची. ज्योतीला मंचावर उचलून ठेवायला चार हात पुढे येतात. पण तिच्याहून दीड-दोन फूट उंच असलेली, जिला कुणी ओळखत नाही अशी मुलगी एसटीची पहिली पायरी कशी चढते? बँकेच्या काउंटरपलीकडे तिचं डोकं तरी दिसतं का? एटीएमच्या पडद्यापर्यंत तिचा हात पोचतो का, की पिन नंबर शेजारच्या माणसाला सांगावा लागतो?

कायदा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६. एकवीस प्रकारच्या अपंगत्वांत ठेंगणेपणाचा समावेश त्याने केला: प्रौढ वयात उंची चार फूट दहा इंच, म्हणजे १४७ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी. सरकारी नोकऱ्यांतल्या चार टक्के राखीव जागांपैकी ज्या गटाला एक टक्का आहे, त्यात हे लोक येतात. चारचौघांत जाणूनबुजून अपमान केला तर कलम ९२ खाली सहा महिने ते पाच वर्षं कैद. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पडद्यावरच्या चित्रणाबद्दलही मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. अपंगत्व समजून घेणारा विनोद वेगळा आणि अपंग माणसाला खाली पाडणारा विनोद वेगळा, असा फरक न्यायमूर्ती चंद्रचूड यांच्या निकालाने केला. कागद मजबूत आहे. पण गल्लीत ‘बुटबैंगण’ म्हणून हाक मारणाऱ्याला कलम ९२ लावायला पोलीस ठाण्यात कोण जाणार, आणि गेलंच तर ठाणे अंमलदाराच्या टेबलापर्यंत तक्रारदाराचा हात पोचायला हवा.

हे इथे सांगायचं कारण असं, की विक्रमाच्या धंद्यातली सौदा करायची ताकद शेवटी घरच्या पर्यायांवरून ठरते. ज्याला गावात सन्मानाची नोकरी आहे, तो लंडनच्या निमंत्रणाला ‘या तारखांना जमणार नाही’ म्हणू शकतो. वाकेनहाइमकडे दुसरं काम असतं तर त्याने कोर्टात काय सांगितलं असतं, कुणास ठाऊक. वॅडलोला टोपी-कोट नाकारता आला, कारण पाठीशी बाप होता आणि पोटापुरती सोय होती. म्हणून एसटीची पायरी आणि सॅव्हॉयचा चहा हे मला दोन वेगळे विषय वाटत नाहीत. पायरी खाली आली की चहाच्या टेबलावरची भाषा बदलते.

दर नोव्हेंबरात असा फोटो येणार, आणि मराठी वर्तमानपत्रं तो छापणार. छापावा, मी स्वतः तो पाहीन. फक्त उंचीचे आकडे दशांश चिन्हापर्यंत अचूक देणाऱ्या बातमीदाराने प्रायोजकाला फोन करून तीन-चार प्रश्न जास्तीचे विचारावेत. तिकिटाचे पैसे कुणी भरले? मानधन किती? बरोबर डॉक्टर होता का आणि तो कुणाच्या पगारावर? फोटो कसा काढायचा हे ठरवताना तिला विचारलं होतं का? उत्तरं मिळाली तर छापावीत, टाळाटाळ झाली तर तीही छापावी.